बोईसरच्या बासरीमास्तरांच्या बंदिशी

माझ्या नवऱ्याने बांधलेली एकही बंदिश आज कुणालाही वाजवता येत नाही.

आज ह्यांचा स्मृतिदिन. दरवर्षी मी फोटोला हार घालते आणि गप्प बसते. यंदा लिहिते आहे.

ह्यांचं नाव दिगंबर. बोईसरमध्ये सगळे बासरीमास्तर म्हणायचे.

आणीबाणी उठली त्या सुमारास आम्ही साताऱ्याकडून इथे आलो. रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. हे पावडर खात्यात. घरी यायचे तेव्हा बोटं पिवळी, कधी गुलाबी. कितीही घासली तरी रंग जायचा नाही.

शिफ्ट सुटली की आंघोळ, चहा आणि बासरी.

क्लास आमच्याच खोलीत. शिकणारे बहुतेक कामगार. त्यांची शिफ्ट बदलली की यायचे बंद. एक राग पुरता शिकून कुणी गेलं नाही.

चाळीच्या सत्यनारायणाला ह्यांना वाजवायला बसवायचे. एकदा ह्यांनी डोळे मिटून मारव्याचा आलाप सुरू केला. सावकाश, जसा करायचा तसा. शेजारचे यादवजी बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "मास्टरजी, ट्यूनिंग हो गया हो तो अब शुरू कीजिए।"

सगळे हसले. हेही हसले. पिक्चरचं एक गाणं वाजवून प्रसादाला उठले.

रेडिओवरही वाजवलं ह्यांनी. पालघरच्या संगीत मंडळात वाजवलं. पण ह्यांचा जीव स्वतःच्या बंदिशींत. त्या कारखान्यात सुचायच्या. म्हणायचे, "मशीन चालू असलं की कितीही मोठ्याने गा. कुणाला ऐकू जात नाही."

बंदिश कागदावर उतरवायची नाही, टेप करायची नाही. ही ह्यांच्या गुरूंच्या घरची रीत. समोर बसायचं. गुरूने फुंकायचं, मग शिष्याने. लागतील तितकी वर्षं.

टिकली फक्त नलू. चिंचणीची. एसटीने यायची, सुरात फुंकायची. तिच्या भावाने दुबईहून टेपरेकॉर्डर आणला, तर तो घेऊन आली.

"मास्तर, टेप करून ठेवू का? घरी आयकून बसवीन."

"मी मेलोय का? विसरलीस तर ये. परत वाजवतो."

"आन् तुमी गावाला गेलात तं?"

"मग वाट बघ."

मी आतून म्हटलं, "अहो, करू द्या की. पोरगी किती लांबून येते."

"श्वास कुठे घ्यायचा ते टेप सांगतो का?"

टेपरेकॉर्डर जसा आला तसा परत गेला.

पुढे नलूचं लग्न झालं. वापीला गेली.

मग ह्यांना खोकला लागला.

पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, "बासरी बंद करा."

"आणि कारखाना?"

"तो आधी बंद करा."

"तो बंद केला तर खायचं काय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. हे दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

एका रविवारी स्वतःच म्हणाले, "टेपरेकॉर्डर मिळतो का बघ कुणाकडे."

मी यादवजींचा आणला. नवी कॅसेट घातली. हे मांडी घालून नीट बसले, बासरी ओठाला लावली.

हवा गेली. सूर आला नाही.

म्हणाले, "पंखा बंद कर." पंखा बंद केला. पुन्हा फुंकलं.

कॅसेट मागे घेऊन ऐकली. नुसती फुसफुस, खोकला, आणि शेजारच्या कुकरची शिट्टी.

"पूस ते," म्हणाले.

गाऊन सांगावं, तर दोन स्वरांतच धाप लागायची.

मी नलूला निरोप पाठवला. ती आली. कडेवर मूल. ते मी घेतलं, तिच्या हातात बासरी दिली.

पहिली ओळ आली. ह्यांची मान हलली. दुसरी ओळ अर्धी आली.

मग थांबली. परत पहिल्यापासून गेली आणि तिथेच थांबली.

"फुडचं नाय आठवत, मास्तर. सासरी फुकू देत नाय. बाईमानसानं बासरी फुकायची नाय म्हणतात."

हे उशीवरून तिच्याकडे बघत राहिले. बोटं उचलून काहीतरी दाखवायला गेले. मग हात खाली ठेवला.

"बरं," म्हणाले. "मुलाचं नाव काय ठेवलंस?"

ती रडायला लागली. मूलही रडायला लागलं. मी चहा टाकला.

मी सातवी शिकलेली. पुढचं वाचनालयाने शिकवलं. हे गेल्यावर मी तिथली संगीताची पुस्तकं वाचली, स्वरलिपी वाचायला शिकले. पण लिहायला कुणीतरी वाजवून दाखवायला हवं. मला त्या बंदिशी डोक्यात ऐकू येतात. गळ्यातून एक स्वर सरळ निघत नाही. लहानपणी आरतीतसुद्धा मला टाळ्या वाजवायलाच उभं करायचे.

म्हणजे मी गेले की तेही संपलं.

शेवटच्या दिवसांत हे माझा हात ओढून घ्यायचे. मनगटापासून कोपरापर्यंत बोटं ठेवायचे, बासरीवर ठेवतात तशी. दाबायचे, उचलायचे. ओठ मिटलेले.

"ओळख."

"नाही ओळखलं हो."

पुन्हा पहिल्यापासून. मी डोळे मिटून बघितलं. बोटांचं वजन कळायचं, सूर कळत नव्हता.

एका संध्याकाळी बराच वेळ वाजवलं. बोटं मध्येच थांबायची, मागे जायची, जागा बदलून पाहायची. तसं ह्यांचं कधी होत नसे. मी विचारलं, "अहो, ही कुठली? नलूला शिकवलेली का?"

मान हलवून नाही म्हणाले. धाप ओसरू दिली.

"नवी आहे. आजच सुचली."

त्यानंतर तीन दिवसांनी हे गेले.

ती बंदिश माझ्या हातावर वाजली. मला ऐकू आली नाही.

दिगंबरमास्तर, तुम्हाला माझा नमस्कार.