विकलेलं बेट

रविवारी दुपारी आम्ही चौघं बापूकाका सुर्व्यांच्या टेबलाभोवती बसलो की ते फासे पुढे सरकवत आणि विचारत, “हं, वारा कुठचा?” कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय खेळ सुरू होत नसे.

काका जहाजावरून निवृत्त झालेले, मांडवीला एकटेच राहायचे. असले खेळ ते परदेशी खलाशांकडून शिकले होते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासा टाकायचा. पुढे त्यांनी स्वतःचाच खेळ रचला. त्यात एक बेट होतं, चाचे होते, खाडीत माणसं ओढून नेणारा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत होतं. माझं मेडिकल आहे. दिवसभर गोळ्या देणारी मी तिथे गलबताची तांडेल, म्हणजे खलाशांची म्होरकी असे.

“काय गो तांडेल, दुकान बंद केलंस ना? मग चाच्याला बिल नको देऊ!” काका बजावत.

पुण्याच्या एका लहान कंपनीने तो खेळ छापण्यासाठी विकत घेतला. काकांनी पेढे वाटले. पण छपाईआधीच त्या कंपनीला परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने घेतलं. त्यांना पुण्याच्या कंपनीतले चित्रकार हवे होते. हक्कांसकट बेट आपसूक सोबत गेलं. त्यांनी ते छापलं नाही आणि परतही दिलं नाही.

त्यानंतर काकांनी फासे काढले नाहीत.

“अहो, घरात खेळायला कोण अडवतंय? वकिलाला विचारलं मी. तो हसला,” मी म्हणाले.

“हसू दे. जहाज विकल्यावर जुना कप्तान केबिनीत झोपायला जातो का गो?”

“मग नवीन बेट रचा.”

काका म्हणाले, “रचीन. आणि तेही कुणाला आवडलं तर?”



“गप्पांना या,” असं ते म्हणत. पण नुसत्या गप्पा त्यांना जमत नसत. बेटावर दहा जणांच्या आवाजांत बोलणारा हा माणूस चहा झाला की घड्याळाकडे बघायचा. एकेकाचं येणं सुटलं. मी औषधं पोचवायला जायची. गोळी घेतलीत? घेतली. संपलं. टेबलाभोवती पाच खुर्च्या मात्र पुसलेल्या असत.

गेल्या महिन्यात काका गेले. त्यांच्या भाचीने घर रिकामं करायला आम्हाला बोलावलं. खणात फासे सापडले. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा आमच्यातला अन्वर सवयीने म्हणाला, “वारा कुठचा?”

“नैऋत्येचा,” मी म्हणाले.

पुढचं वाक्य काकांचं असायचं. आम्ही खुर्च्या उचलायला लागलो.