चौथं नाव

तुमच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा माणूस कामावर मेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच यार्डात तुम्हाला रांगेत उभं केलं, तर तुम्ही तोंड उघडाल का? मी उघडलं नाही. म्हणून विचारतो.

सौदीत रास तनुराजवळ एका ठेकेदाराच्या कॅम्पात मी पाइप फिटर होतो. तेलाच्या टाक्या तेव्हा इतक्या झपाट्याने उभ्या राहत होत्या, की सुट्टीवरून परतलेल्या माणसाला यार्डात रस्ता विचारावा लागे. माझे वडील युनियनमधले. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे पुष्कळ. मी वाचायला शिकलो तो ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांपासून. कॅम्पात मला ‘पुढारी’ म्हणत, अर्थात चिडवायला.

शेजारच्या खाटेवरचा संगमेश्वरकडचा होता. टाक्यांभोवती लोखंडी नळ्यांची परांची बांधायचा. एका दुपारी फळी फिरली आणि तो पडला. जीव गेला तो दवाखान्यात, तीन तासांनी. कागदावर आलं, हृदय बंद पडून मृत्यू. फाटकाजवळ एक पाटी होती, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारी. दुसऱ्या सकाळी त्या पाटीवरचा आकडा एकने वाढलेला होता.

ऑफिसने त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नेला, पेटी नेली. दोरीवरचा टॉवेल राहिला. तिथल्या खाऱ्या पाण्याने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. मी त्याच्याकडे बघत जेवायचो. काही वाटत नव्हतं. पत्रक लिहायला घेतलं, पण ‘बंधूंनो’च्या पुढे शब्द गेला नाही.

दोन-तीन आठवड्यांनी सकाळच्या सेफ्टी मीटिंगला आमचा फोरमन म्हणाला, “हेल्मेट काढा.”

आम्ही काढली. रांगेत कुजबुज झाली, की शेवटी त्याचं नाव घेतात वाटतं. रत्नागिरीकडचे एक रिगर होते, क्रेनला माल बांधणारे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी हात पसरून मेलेल्यासाठी फातिहा म्हणायला सुरुवात केली. फोरमनने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तीन नावं वाचली. तिन्ही गोऱ्यांची. मग मिनिटभर गप्प उभा राहिला आणि म्हणाला, “यल्ला, कामाला लागा.”

“कोण मेले रे हे?” चाचांनी मला विचारलं. “कुठल्या शिफ्टचे?”

“माहीत नाही.”

“म्हणजे मी फातिहा कुणाला दिला?”

चहाच्या सुट्टीत मी फोरमनकडे गेलो. “तुम्ही इंग्रज लोक...” एवढंच बोललो, तर त्याने कप खाली ठेवला.

“मी इंग्रज नाही. आयर्लंडचा आहे. त्या तिघांना इंग्रजांच्या शिपायांनी मारलं.”

मागून चाचा पुटपुटले, “गोरा तो गोरा. त्यात काय निवडायचं?”

मग फोरमनने सांगितलं. त्याच्या गावाबाहेर रस्त्याला एक वळण आहे, कडेला दगडी गडगा. साठेक वर्षांपूर्वी स्वातंत्र्याच्या लढाईत गावातली पोरं त्या गडग्याआड दबा धरून बसली आणि शिपायांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. तीन जण परत आले नाहीत. त्याचा बाप परत आला. दर वर्षी त्या दिवशी गाव वळणावर जमतं, भुरभुर पावसात टोप्या काढून उभं राहतं. नावं वाचायचा मान त्याच्या घराचा. बाप गेल्यावर तो मान फोरमनकडे आला. तो इथे असतो, म्हणून इथे वाचतो.

“त्यांना इथे कोण ओळखतं?” मी विचारलं.

“कुणी नाही. पण वाचायला चुकायचं नाही.”

माझ्या डोक्यात अख्खं भाषण होतं. तोंडातून एवढंच आलं, “आमचाही एक आहे.”

कोण ते त्याला विचारावं लागलं नाही. अपघाताच्या दिवशी त्या टाकीवरचं काम त्याच्याच हाताखाली होतं.

“ते नाव मी तिथे घेतलं, तर मला संध्याकाळच्या विमानात बसवतील.”

“मग घेऊ नका,” मी म्हणालो. रागाने नाही. राग कुठे गेला होता कोण जाणे.

त्याने पेन्सिल पुढे केली. “लिहून ठेव.” मी त्याच कागदावर तीन नावांखाली इंग्रजीत माझ्या शेजाऱ्याचं नाव लिहिलं. त्याने घडी घातली आणि खिशात ठेवली.

वर्षभर काही झालं नाही. खाटेवर दुसरा माणूस आला. टॉवेल त्याने फरशी पुसायला घेतला.

मग तो दिवस पुन्हा आला. या वेळी ऑफिसचा सेफ्टी ऑफिसरही बाजूला उभा होता. फोरमनने हेल्मेट काढायला सांगितलं आणि तीन नावं वाचली. त्याच सुरात, न थांबता, चौथंही वाचलं. ऑफिसरने घड्याळ पाहिलं. चारही त्याच गावचे, असंच त्याला वाटलं असणार. आमच्या रांगेत मात्र कुणी हललं नाही. चाचांनी हात पसरले, ते लवकर खाली घेतले नाहीत. मी रडेन असं वाटलं होतं. रडलो नाही.

करार संपल्यावर मी संगमेश्वरकडे शेजाऱ्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, “हार्टचं काही होतं का हो त्याला? इथे असताना कधी बोलला नाही.”

“नाही. तो पडला.”

“किती उंचावरून?”

“दोन माडांएवढ्या उंचीवरून.”

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. निघताना म्हणाली, “कुठे नाव छापू नका. धाकटा आता त्याच ठेकेदाराकडे चाललाय.” म्हणून इथे नाव नाही.

पंधरा ऑगस्टला तुमच्या गावात झेंड्याखाली हुतात्म्यांची नावं वाचतील. तुमच्या गावचा कुणी आखातातून शवपेटीत परत आला असेल, तर त्याआधी त्याच्या घरी जा. तो कसा गेला ते विचारा, आणि घरच्यांची हरकत नसेल तर शेवटच्या नावानंतर उभे राहून त्याचंही नाव मोठ्याने वाचा.