लाल दोऱ्याची किल्ली

मावशींना एक खोड होती. कुणाला वस्तू द्यायची तर अर्धवट द्यायची नाही. डबा दिला तर झाकणासकट, छत्री दिली तर खोळीसकट. जुनं शिलाई मशीन विकलं तेव्हा तेलाची उरलेली बाटलीसुद्धा त्यांनी सोबत बांधून दिली होती. देणाऱ्याने हात आखडला की घेणाऱ्याचा जन्म शोधाशोधीत जातो, असं त्यांचं म्हणणं. लेक म्हणायची, आई एक दिवस घर देईल आणि वर स्वतःलाही देऊन टाकेल.

गल्लीत त्यांना बिल्लेवाल्या मावशी म्हणत. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर जे भरतकामाचे बिल्ले असतात, ते त्या करायच्या. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत भरतकामाचं एक मशीन आणि एक कॉम्प्युटर मांडून त्यांनी चौदा वर्षं कुणापुढे हात न पसरता काढली. आधी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने चित्र मांडायचं, मग ते मेमरी कार्डावर घालून मशीनला द्यायचं. मशीन काय, हमाल. खरं काम मांडण्यात. मोठ्या शाळेच्या बिल्ल्यावर एक पक्षी होता. त्याचा डोळा मावशी नेमक्या तीन टाक्यांत बसवायच्या. दोन घातले तर पक्षी आंधळा दिसायचा, चार घातले तर चिडका.

यंदा त्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पक्ष्याच्या पायाशी पन्नासचा आकडा घालून नवा बिल्ला हवा होता, तोही शाळा उघडायच्या आत. आणि नेमका कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. बटण दाबून मावशी कपड्यांच्या घड्या घालायला बसायच्या. शेवटचा टॉवेल होईपर्यंत त्याला जाग यायची. पण चालत होता. हे पुढे त्यांना फार आठवलं, की तो चालत होता.

जावई विमा कंपनीच्या ऑफिसात होते. साधी इस्त्री घ्यायची तरी चार दिवस वाचून घेणारा माणूस. त्यांनी सासूसाठी नवा कॉम्प्युटर हेरला. "आई, याला व्हायरस लागत नाही, मध्येच बंद पडत नाही," ते म्हणाले. "सिस्टिम तेवढी वेगळी आहे. चार दिवसांत हात बसेल." दुकानदार जुना बदल्यात घेत होता. जावयांनी मावशींची सगळी चित्रं काढून पेन ड्राइव्हवर घेतली, दोनदा मोजली आणि मग जुना न्यायला सांगितला.

मावशींनी तो आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला. वायरी गुंडाळून रबर लावले. सगळं एका पिशवीत भरलं, पिशवीचं तोंड शिवलं.

नवा आला. दिसायला देखणा, पातळ. पण त्यात काहीच जागेवर नव्हतं. खिडकी बंद करायची फुली उजवीकडून डावीकडे गेलेली. सुरुवातीचं बटण कोपऱ्यातून नाहीसं झालेलं. एखादं पान जरा बाजूला सारावं तर ते खाली बुडून जायचं, वर कसं आणायचं कळायचं नाही. मावशी म्हणाल्या, घर बदललं तर निदान स्वयंपाकघर वासावरून सापडतं, इथे तर वासही नाही. तरी त्या रोज बसल्या. चौथ्या दिवशी पक्ष्याचं चित्र सापडलं. पांढऱ्या कोऱ्या कागदासारखी खूण, खाली नाव. मावशींनी त्यावर दोनदा टिचकी मारली. कॉम्प्युटरने विचारलं, हे कशाने उघडायचं?

जावई ऑफिसातून परस्पर आले. त्यांनी स्वतः दोन-तीनदा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "आई, तो भरतकामाचा प्रोग्राम होता ना, त्याची सीडी कुठे आहे?"

"पिशवीत दिली."

"आणि मागे एक छोटी किल्ली लावलेली असायची, पेन ड्राइव्हसारखी?"

"तीही दिली. त्याचीच होती ना ती? त्याची वस्तू त्याच्याबरोबर."

जावयांनी कपाळाला हात लावला. ती किल्ली लावल्याशिवाय तो प्रोग्राम उघडतच नसे. मावशींना चौदा वर्षांत हे माहीत नव्हतं, कारण चौदा वर्षांत त्यांनी ती एकदाही काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दुकानात गेल्या. दुकानदाराने मागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर मोडणाऱ्याकडे पाठवलं. तो पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून स्क्रू काढत होता. भोवती उघडी पोटं पडावीत तसे कॉम्प्युटर पडलेले. मावशींनी सांगितलं, किल्ली आहे, तिला लाल दोरा बांधलाय. आपल्या वस्तूला त्या नेहमी दोरा बांधायच्या. त्याने एक पसरट डबा पुढे सरकवला. मावशींनी चष्मा चढवून बोटांनी धान्य निवडावं तसा तो निवडला. आणि सापडली. लाल दोरा काळपट झाला होता, गाठ त्यांचीच होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या.

मोडणारा भला होता. म्हणाला, "नव्या सिस्टिमवर ते जुनं चालायचं नाही, मावशी. पण इथल्याच सामानातून तुम्हाला जुन्यासारखा एक जोडून देतो. सीडी आणा."

"सीडी पिशवीतच होती."

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आता नुसती झाडलेली फरशी होती. प्लास्टिक शनिवारी दळायला गेलं होतं.

प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीचा नंबर जावयांनी शोधला. तो आता अस्तित्वातच नव्हता, कंपनी कधीच बंद झाली होती. मग जावई दर रविवारी येऊन काहीबाही करून बघायचे. एकदा म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं." मावशी म्हणाल्या, "विचारलं असतंत तरी मी दिलीच असती." त्यानंतर जावयांचे रविवार हळूहळू कमी झाले. लेक फोनवर हवापाण्याचं बोलू लागली.

शाळेने वाट पाहिली, मग काम मोठ्या कारखान्याला दिलं. कारखान्याला बायका हव्याच होत्या, धागे कापायला. मशीनवरून बिल्ला उतरला की मागे लोंबणारे दोरे कात्रीने साफ करायचे, एवढंच. मावशी गेल्या. तिथे त्यांना मावशी म्हणणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना काकू म्हणायची पद्धत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुढ्यात पक्ष्याचा गठ्ठा आला. पायाशी पन्नासचा आकडा, नीट बसलेला. त्यांनी बिल्ला उजेडाकडे धरला. डोळ्यात चार टाके होते.

"काकू, काही राहिलंय का त्यात?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी बिल्ला उलटा केला, दोरा कापला आणि पुढचा घेतला.