कापडाला टाचलेली चिठ्ठी

अमरावतीच्या आमच्या शिलाईच्या दुकानात नुसतं बोलून काही पोचत नाही. बाबा पुढे माप घेतात, मागच्या खोलीत कटर-चाचा कापड बेततात, आणि चाचांना तरुणपणीच्या तापापासून ऐकू येत नाही. म्हणून माप चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचायचं. कापून झालं की चाचा चिठ्ठीवर खडूने फुली मारून ती परत पाठवतात. माझ्या जन्माआधीपासून हेच चाललंय.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. चाचांना चिठ्ठीवरचे आकडे लागेनात, आणि एका नवरदेवाची शेरवानी चांगली आखूड झाली. बाबा म्हणाले, "आता शटर पाडू." चाचांना या वयात कोण कामावर घेणार, हे ते बोलले नाहीत. मला धडकीच भरली.

मी अकोल्यात वेबसाइट बनवायची नोकरी करते. एवढंच ना, म्हणत तोऱ्यात एका रविवारी पान बनवून आणलं. बाबांनी मोबाईलवर मोठाली बटणं दाबून आकडा कमी-जास्त करायचा, शेवटी 'पाठवा' दाबायचं, की माप मागे चाचांच्या टॅबलेटवर हजर.

पहिलं माप पाठवलं, तर तिकडे छाती, कंबर, बाही एवढी नावंच दिसली. आकड्यांच्या जागी सगळं कोरं. मी नेटला शिव्या घातल्या, सर्व्हरलाही घातल्या.

"आकडे हायेत कुठी?" बाबांनी विचारलं.

"हे काय, तुमच्या मोबाईलवर."

"ते माया डोयापुढं हायेत. कापडाले टाचले का तू?"

मी कोड उघडून पाहिला. आकडे ब्राउझरमधल्या स्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्येच, म्हणजे मोबाईलच्या तात्पुरत्या आठवणीतच, बसून होते. फॉर्म सर्व्हरकडे नेतो ते फक्त त्याच्या रकान्यांतलं, आणि आकड्यांसाठी मी रकानाच ठेवला नव्हता. पगार कशाचा घेते मी, देव जाणे. फॉर्ममध्ये न दिसणारे रकाने घातले आणि 'पाठवा' दाबताच स्क्रिप्ट आकडे त्यांत भरेल, अशा चार ओळी लिहिल्या.

बाबांचा अंगठा दोनदा हुकला. मी मुद्दाम मदत केली नाही. तिसऱ्यांदा बटण लागलं, आणि जरा वेळाने मागून कात्रीचा आवाज आला.

कापून झाल्यावर चाचा टॅबलेट घेऊनच बाहेर आले आणि तो बाबांसमोर ठेवला. काचेवर खडूची फुली होती.

मला रडू फुटलं. बाबांनी गळ्यातला टेप सारखा केला.

"रडून काहून राहिली? पुढच्या गिऱ्हाइकाले बोलाव."