अस्सल भागांची मोटार

ती चीर नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. पारनेरच्या एका माणसाची धडधाकट मोटार मी मेली म्हणून सांगितली आणि तिचे भाग काढून दुसऱ्या मोटारीला चढवले. आता पन्नाशी जवळ आली; बोलून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगरात मी मोटारींची कामं करायचो. तिथल्या एका वकीलसाहेबांच्या शेडात त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली विलायती मोटार पडून होती. बोटीतून उतरली तेव्हा होती तशी त्यांना ती करून हवी होती. तशी म्हणजे तंतोतंत. इथल्या लोहारानं घडवलेला बोल्टसुद्धा चालायचा नाही, कंपनीचा शिक्का दिसला पाहिजे. साहेब भिंग घेऊन बसायचे आणि शिक्का नसला की भाग दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायचे. "मिस्त्री, दत्तक नको. पोटचा आणा."

आणणार कुठून? मुंबईहून उत्तर यायचं, लढाई संपल्यावर बघू. पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, तर एक दिव्याची काच मिळाली, तीही दुसऱ्याच गाडीची. कार्बोरेटर, मॅग्नेटो, पितळी दिवे, रेडिएटरची चौकट, सगळं अडलं होतं. मोटार पुरी झाली तर लष्करी वर्कशॉपात माझ्यासाठी शब्द टाकायचं साहेबांनी कबूल केलं होतं. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला ती मोटारच खात होती. जेवताना, चालताना तिच्या रिकाम्या जागा दिसायच्या.

त्या कंपनीची दुसरी मोटार जिल्ह्यात एकच मला ठाऊक होती. पारनेर ते नगर उतारू घेऊन धावायची. मी काम शिकलो तेही तिच्यावरच, कारण तिचे मालक आणि ड्रायव्हर माझे उस्ताद. हूड फाटलेलं, पेट्रोल मिळत नाही म्हणून मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली, पण पोटातलं सगळं मूळचं. त्यांचं घर त्या मोटारीवर चालायचं. पारनेरात लोक त्यांना 'मालक' म्हणायचे, तेही तिच्यामुळेच.

एका दुपारी उस्ताद आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मोटार बैलांनी ओढून माझ्याकडे घेऊन आले. कामरगावच्या घाटात बंद पडली होती.

"काय उस्ताद, आज नुसती दोन बैलांची ताकद?"

"हास गड्या, हास. बघ हिला काय झालंय. ठिणगीच देईना."

मी आधी रेडिएटर पाहिला, काठोकाठ भरलेला होता. मग ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडला. आतल्या टोकांवर काजळी धरली होती. पॉलिश कागद फिरवला असता की मोटार सुरू. पण उस्तादांचा एक नेम होता, मॅग्नेटो उघडायचा नाही. बाकी इंजिन ते डोळे मिटून सोडायचे. मॅग्नेटोला हात लावला की तो रुसतो, असं त्यांच्या उस्तादानं त्यांना सांगितलेलं. तेवढी एकच गोष्ट मी त्यांच्याकडे न शिकता नगरात शिकलो होतो.

मी मॅग्नेटो बंद केला. इंजिनाच्या खालच्या अंगाला ओतकामाच्या सांध्याची रेघ असते. वर्षानुवर्षांच्या तेलकाटाखाली ती कधी कोणाला दिसलेली नसते. मी तिथलं तेलकाट खरवडलं, कानशीच्या टोकानं रेघ थोडी खोल केली आणि म्हणालो, "उस्ताद, ब्लॉकला चीर गेलीय. पाणी आत उतरतंय, ठिणगी विझतेय."

ते आडवे होऊन मोटारीखाली शिरले आणि त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"चीर जाती कशानं?"

"पाणी कमी पडलं की. इंजिन तापलं असेल."

ते बाहेर आले आणि वहिनींकडे वळले. घाटाखालच्या विहिरीवर रेडिएटरसाठी पाण्याचा डबा भरणं हे वहिनींचं काम. "डबा भरला हुतास का?"

"भरला हुता की वो."

"गळ्यापातुर?"

 वहिनी हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाला तरी दावा की."

"दुसऱ्याला? ह्याला मी शिकिवलं. ह्यो म्हनतो म्हंजी हाय. ह्याच्यावर दुसरा बघायचा म्हंजी माझंच शिकवनं खोटं!"

भंगाराच्या भावात मला मोडायला देण्याआधी वहिनींनी मोटारीला ओवाळलं. दावणीचं जनावर विकताना ओवाळतात, तसं. दिव्यांना हळदकुंकू लावलं. उस्तादांनी नारळ फोडला. वहिनींनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "भावजी, हाल नका करू तिचं."

मी तो खाल्ला.

वकीलसाहेबांनी शिक्के वाचले. दिव्याच्या खोबणीत राहिलेलं कुंकू नखानं काढलं आणि म्हणाले, "वा मिस्त्री, पोटचं ते पोटचं!" दसऱ्याला झेंडूची माळ घालून मोटार शेडातून फाटकापर्यंत आली आणि परत गेली. पेट्रोलची कुपनं होती कुठे? पुढेही ती उभीच राहिली. माणसं वाहणारी मोटार मोडून मी एक उभी मोटार केली होती. मला नोकरी लागली.

उस्ताद त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या सर्व्हिस मोटारीवर गठुडी चढवायला लागले. एकदा नगरच्या स्टँडवर मी उभा असताना एक उतारू खालून ओरडला, "ओ मालक, माझ्या कोंबड्या जपून! त्यांना तरी चीर पाडू नका!" लोक हसले. टपावरून उस्तादही हसले. "म्या न्हाई रं पाडली, बायकोनं पाडली." मग मी दिसताच म्हणाले, "ह्यो बघा, ह्यानंच वळखलं. नगरात असा हात न्हाई."

पुढे त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "गळ्यापातुर भरलाय का बघ गड्या, हिचा काय भरवसा न्हाई," उस्ताद म्हणाले. गंमत नव्हती ती. रोजचं बोलणं होतं. वहिनींनी मान वर केली नाही. तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी सांगू शकलो असतो. मी भाकरी मागितली.

उस्ताद गेले ते तसंच मानून गेले. वहिनी पारनेरातच आहेत. हे सगळं लिहिणं मला जमलं, कारण त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासमोर बसून, तुमचा डबा भरलेला होता, पाणी पुरेपूर होतं, चीर मी पाडली, एवढं तोंडानं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.