नरगुंदकर सरांचा पेढ्यांचा पुडा

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मी तीन वर्षं होते, हे मी अजूनही ऐटीत सांगते. त्यातला बहुतेक काळ बेंचवर गेला, हे सांगत नाही! पण बेंचचा एक मोठा फायदा असतो. शेजारी कोच असतो. बाकीच्या मुलींकडे मेडल्स साठली, माझ्याकडे सरांचे किस्से साठले. आता आम्ही मैत्रिणी सप्तापुरात चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला जमलो की मेडल्सचं नावही कोणी काढत नाही. सगळ्या माझ्याकडेच बघतात, "हं, कर सुरू!"

सर म्हणजे आमच्या धारवाडच्या कॉलेजचे पी.डी., म्हणजे फिजिकल डायरेक्टर, नरगुंदकर सर. मुलींची टीम त्यांचा जीव की प्राण. आयुष्यात एकच हौस, झोनची फायनल जिंकायची. आम्ही दर वर्षी फायनलला पोचायचो आणि दर वर्षी हुबळीच्या मुली आम्हाला हरवायच्या. स्पोर्ट्स रूमच्या कपाटातला मधला कप्पा सरांनी त्या कपासाठी रिकामा ठेवला होता. तिथे कोणी हवा भरायचा पंप जरी ठेवला तरी भडकायचे.

*

मुळात सर खो-खोचे. नोकरीला लागले तेव्हा प्रिन्सिपॉलनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उंच आहात की हो! बास्केटबॉल घ्या."

सरांनी घेतला. पहिल्या दिवशी मैदानावर गेले, मुलींचा खेळ हाताची घडी घालून अर्धा तास बघितला आणि कॅप्टनला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "सगळं समजलं गं. फक्त एक सांग, यात बाद कधी होतात?"

*

पुढे मात्र सर खेळात असे मुरले की डावपेच त्यांना झोपेतही सुचायचे. अडचण एकच होती. ते डावपेच साइडलाइनवरून ओरडून सांगायची सवय! मग त्यांनी युक्ती काढली. समोरची टीम कन्नड असली की मराठीत ओरडायचं.

बेंगळुरूच्या टीमपुढे ही युक्ती झकास चालली. नंतर आम्ही कोल्हापूरला गेलो. सर म्हणाले, "इथं उलटं करायचं. आता सगळं कन्नडात." झालं! सर कन्नडात ओरडायचे आणि समोरची कॅप्टन नेमकी तिथेच जाऊन उभी राहायची. हाफ टाइमला ती पाणी प्यायला आमच्या बाजूला आली आणि सरांना अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, जरा सावकाश बोला ना. माझं आजोळ हुबळीचं, पण सवय राहिली नाही."

*

सुजाता ही आमची सगळ्यात भारी खेळाडू. तिच्या अप्पांचं सुभाष रोडला कापडाचं दुकान. मुलगी हाफ पँट घालून चार लोकांत खेळणार म्हटल्यावर अप्पांनी साफ नकार दिला. सर त्यांच्या दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं की उठून बाजूला व्हायचे, गेलं की परत बसायचे. शेवटी अप्पा वैतागून म्हणाले, "बरं, खेळू दे. पण मी स्वतः येऊन बसणार. लक्ष ठेवायला."

पहिल्या मॅचला अप्पा कोपऱ्यात घुम्यासारखे बसले. दुसऱ्या मॅचला पुढच्या रांगेत आले. तिसऱ्या मॅचला रेफरीनं खेळ थांबवला, सरांना बोलावलं आणि म्हणाला, "त्या गृहस्थांना बाहेर काढा, नाहीतर मी जातो!"

*

आता सरांची खरी खोड. आपल्या टीमचा फ्री थ्रो असला की सर मैदानाकडे पाठ करायचे. आपण बघितलं की बॉल जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत! मग ते प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून निकाल ओळखायचे.

बेळगावात असाच सुजाताचा फ्री थ्रो होता. सर पाठ करून उभे. समोर बसलेल्या एका आजोबांनी कपाळावर हात मारला. सरांनी लगेच टाइम आउट घेतला आणि सुजाताला फैलावर घेतलं, "कोपर कुठं होतं तुझं? लक्ष कुठं असतं?"

"सर, बॉल गेला की आत!"

"मग ते आजोबा कपाळ का बडवून घेताहेत?"

आजोबा मोबाइलवर क्रिकेट बघत होते. आपली विकेट पडली होती!

*

आणि पेढे. फायनलच्या दिवशी सर सकाळीच पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन यायचे. जिंकल्यावर दुकान शोधत फिरायला नको, म्हणून! हरलो की आम्ही रडायला लागायचो. मग सर म्हणायचे, "पेढा रडत खाऊ नये." आणि तो अख्खा पुडा हुबळीच्या कॅप्टनच्या हातात द्यायचे, "अभिनंदन हं!"

याची इतकी सवय झाली की एका वर्षी मॅच सुरू व्हायच्या आधीच हुबळीच्या मुलींनी येऊन चौकशी केली, "सर, पुडा आणलाय ना?"

*

मग सरांची शेवटची फायनल आली. महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. पुडा माझ्या मांडीवर होता. समोर अर्थातच हुबळी. वेळ संपली, स्कोअर बरोबरीत आणि सुजाताला दोन फ्री थ्रो. आमच्या झोनचा नियम असा की बरोबरी राहिली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे हुबळीकडेच! सरांनी पाठ फिरवली. पहिला बॉल रिंगवर आपटून बाहेर गेला.

रेफरीनं दुसऱ्यांदा बॉल दिला. सुजाता टाकेना! तिथूनच ओरडली, "सर, इकडं वळा! तुम्ही बघितल्याशिवाय मी टाकणार नाही!"

पाच सेकंदांत टाकला नाही तर संधी जाते. रेफरी बोटांवर सेकंद मोजायला लागला. अप्पा पुढच्या रांगेतून गरजले, "वळा की हो सर!"

सर वळले. मी शेजारी होते म्हणून मला एकटीलाच दिसलं. वळले खरे, पण डोळे गच्च मिटलेले!

बॉल जाळीतून खाली आला. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागल्या. मीही रडत होते. अप्पा उपरण्यात तोंड लपवून रडत होते.

सरांनी डोळे उघडले. सगळीकडे एकदा बघितलं. माझ्या मांडीवरचा पुडा उचलला, शांतपणे मैदान ओलांडून गेले आणि हुबळीच्या कॅप्टनला म्हणाले, "अभिनंदन हं!"

ती पोरगीही रडत होती. तिनं सवयीनं पुडा घेतला. मग सरांच्या तोंडाकडे बघतच राहिली. पुडा उघडून तिनं एक पेढा सरांच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "सर, यंदा तुम्ही जिंकलात."

पेढा तसाच तोंडात ठेवून सर आमच्याकडे वळले आणि ओरडले, "मग रडताय कशाला गं सगळ्या?"