तळ्याला भिणारी अक्का

अक्का साप निघाला तर काठीने बाजूला सारायची, मारक्या म्हशीला कानाला धरून गोठ्यात न्यायची. पण गावच्या तळ्याला भ्यायची. तेही पावसाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. लग्न होऊन धुळ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा अक्का शेजारीण म्हणून मिळाली. तिच्या लहानपणी तळं खोल होतं. मग उघड्या टेकड्यांवरची माती दर पावसात वाहून येत राहिली आणि पाण्याची जागा गाळाने घेतली. चैत्रात त्यावर भेगाळलेली पापडी धरायची. "वरथून कोल्लं दिखस, खाले बठ्ठा चिखल शे," असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायची. कोल्लं म्हणजे कोरडं, हे मला तिनेच शिकवलं.

एका दुपारी आमचं पारडू दावं तोडून तळ्यात पळालं. मी मागे धावले. मधल्या डबक्याजवळ पापडी फुटली आणि मी मांडीपर्यंत आत गेले. पाय उपसायला गेले, तर कमरेपर्यंत रुतले. खाली टेकायला काहीच नव्हतं. थंडगार, मऊ काहीतरी पाय ओढत होतं. पुढ्यात पारडाचं फक्त तोंड दिसत होतं, मग तेही दिसेना.

"हालू नको! मांगे रेल, पाठवर पड!"

अक्का होती. गाळावर बाज टाकून, तिच्यावरून पोटावर सरपटत येत होती. चेहरा पांढराफटक, दात वाजत होते. तिने माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. काठावरून माणसांनी दोर टाकला, तो तिने माझ्या काखेखालून बांधला आणि इंचाइंचाने आम्ही निघालो. पारडू गेलं.

त्यानंतर अक्का तळ्याकडे फिरकलीच नाही. म्हशी विकल्या. झोपेत ओरडते म्हणून मुलाने तिला धुळ्याला न्यायचं ठरवलं. निघताना मी तिच्या पाया पडले आणि विचारलं, "अक्का, एवढी भीत होतीस, मग आलीस कशी?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "तुना हात सुटता, तर मी बी बाहेर नही येती. त्यानंच भ्या वाटस अजून."

गाडी निघून गेली. मनगटावर तिची बोटं उमटली होती.